सेट आहे ना?

आज एक टाइमपास करून बघा. सकाळी घरातून निघाल्यापासून रात्री झोपेपर्यंत ‘सेट’ हा शब्द किती वेळा कानावर पडतो, ते मोजा. बोटांवर मोजायला जाऊ नका, बोटं पुरणार नाहीत.

जिममध्ये ट्रेनर ओरडतो, “मॅडम, अजून एक सेट!” ऑफिसात पोचेपर्यंत टीम लीडचा मेसेज आलेला असतो की अकराचा कॉल सेट केलाय. त्या कॉलवर क्लायंटची एक्स्पेक्टेशन्स सेट करायची असतात (जी आजवर कुणाच्या बापाला सेट करता आलेली नाहीत). लंचला कोपऱ्यावरच्या उडप्याकडे सेट डोसा. चारच्या चहाला मॅचचं पोस्टमॉर्टेम, “अरे, सेट झालेला बॅट्समन असा फालतू शॉट मारून आउट होतो? कमाल आहे यार!” संध्याकाळी पार्लरवाली केस सेट करून देते. आणि रात्री आईचा फोन. कुणा मावशींच्या ओळखीत एक मुलगा आहे. चांगला आहे. न्यू जर्सीला सेट आहे.

म्हणजे डोसा, बॅट्समन, केस आणि मुलगा, सगळे एकाच शब्दात बसले. यातल्या कुठल्याही दोन ‘सेट’चा अर्थ सेम नाही, तरी आपला एकदाही गोंधळ उडत नाही. केस न्यू जर्सीला सेट होत नाहीत आणि मुलगा जेल लावून सेट होत नाही, हे आपल्याला न शिकवता कळतं. (काही मुलं जेल लावूनच सेट होतात, पण तो वेगळा कॉलम.)

तीन अक्षरांच्या या इंग्रजी शब्दाने भल्याभल्यांना घाम फोडलाय. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली आली. वीस खंड, उचलताना पाठ धरेल असे. त्यात सगळ्यात लांबलचक नोंद कुणाची, तर ‘सेट’ या क्रियापदाची. ४३० अर्थ आणि साधारण ६० हजार शब्द! एका क्रियापदावर एक अख्खी कादंबरी. गिनेस बुकनेही त्याची दखल घेतली. पुढे ऑक्सफर्डवाल्यांनी कोश नव्याने तपासायला घेतला आणि २०११ मध्ये ‘रन’ने बाजी मारली. त्या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. साहजिक आहे. ‘सेट’ जागेवर बसवतो, ‘रन’ पळवतो. गाडी, सॉफ्टवेअर, कंपनी, निवडणूक, सगळंच आता पळतं. जग बसण्याकडून पळण्याकडे गेलं, असा फंडा यातून काढता येईल. पण एवढ्यावर ‘सेट’ला रिटायर करू नका. आपल्याकडे तो अजून फुल फॉर्मात आहे.

शब्दकोशात जाड कोण असतं, हे बघण्यासारखं असतं. आपल्याला वाटतं, अवघड इंग्रजी म्हणजे ते लांबलचक शब्द, जे आपण शाळेत घोकले आणि मुलाखतीत वापरायला घाबरलो. पण ‘फोटोसिंथेसिस’चा अर्थ एकच. झाडाने उन्हात करायचं काम. एकदा पाठ केला की विषय संपला. खरी पंचाईत करतात ती ही फुटकळ दिसणारी पोरं – सेट, रन, पुट, गो, टेक. त्यांच्या मागे एखादं छोटं शेपूट लावलं की रंग बदलतो. सेट अप म्हणजे उभारणं, सेट आउट म्हणजे निघणं, सेट इन म्हणजे (पावसाने वगैरे) मुक्काम ठोकणं, सेटबॅक म्हणजे तोंडावर आपटणं. सगळ्यात भारी प्रकार अलार्मचा. रात्री तुम्ही अलार्म ‘सेट’ करता तेव्हा तो गप्प बसून वाट बघतो. सकाळी तो ‘सेट ऑफ’ होतो तेव्हा बोंबलतो. शब्द तोच, पण एकदा झोपवणारा आणि एकदा उठवणारा. ज्यांनी इंग्रजी स्पीकिंगच्या क्लासची फी भरली आहे त्यांनी क्लासवाल्यांना जरूर विचारावं.

एका शब्दाच्या पोटात एवढं सगळं आलं कुठून? तर मुळात हा एक शब्द नाहीच. दोन वेगळ्या घरांतले दोन शब्द इंग्रजीत येऊन सारखेच दिसायला लागले. पहिला ‘सेट’ म्हणजे ‘बसवणे’. तो जुन्या इंग्रजीतला घरचाच शब्द, ‘सिट’चा सख्खा. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसायला लावणे. दुसरा ‘सेट’ म्हणजे जुळलेल्या वस्तूंचा किंवा माणसांचा गट. हा फ्रेंच मार्गे आला आणि त्याचं मूळ लॅटिन ‘सेक्टा’पर्यंत जातं. म्हणजे पंथ, एकाच्या मागून जाणारे लोक. इंग्रजीतला ‘सेक्ट’ही त्याच घरातला. थोडक्यात, सोफासेट हा मुळात सोफ्यांचा संप्रदाय आहे.

हा दुसरा ‘सेट’ मराठी मध्यमवर्गाने जेवढा मनापासून स्वीकारला, तेवढा साहेबानेही स्वीकारला नसेल. टी सेट, डिनर सेट, मोत्यांचा सेट, सोफासेट, टीव्ही सेट. आणि या सगळ्यांचा महाराजा म्हणजे लेमन सेट! काचेचा एक जग, सहा ग्लास, वर फुलांची नक्षी. ज्याने आयुष्यात एकदाही लेमन सेट प्रेझेंट म्हणून दिला नाही किंवा घेतला नाही, त्याने आपलं रेशन कार्ड तपासून घ्यावं. लग्न, मुंज, वास्तुशांत, सोसायटीच्या गणपतीत संगीत खुर्चीचं पहिलं बक्षीस, सगळीकडे तोच. त्यातून लिंबू सरबत प्यालेला माणूस मी तरी बघितलेला नाही. तो कपाटावर वाट बघतो आणि पुढच्या लग्नाला निघतो. नव्या कागदात, जुन्याच खोक्यात. पण सहातला एक ग्लास फुटला की घरात सुतकाचं वातावरण. “सेट मोडला!” उरलेले पाच ग्लास ठणठणीत असतात, पाणी तेवढंच मावतं, पण त्यांची इज्जत गेलेली असते. मग ते देवाघरी नाही, पण बाथरूममध्ये टूथब्रश ठेवायला जातात.

गणितवाल्यांनी मात्र हा भेदभाव केला नाही. जर्मन गणिती गेओर्ग कँटर याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सेट थिअरीचा पाया घातला. त्यात पाच ग्लासांचा सेट हाही पूर्ण सेटच असतो आणि शिवाय सहाच्या सेटचा उपसंच. ‘संच’ हा शब्द तुम्ही नववीच्या गणितात शिकलात. आठवतंय का? संयोग संच, छेद संच आणि माझा आवडता, रिक्त संच. ज्यात काहीच नाही तोही एक सेट. महिन्याच्या सत्तावीस तारखेला माझ्या पाकिटाची व्याख्या याहून चपखल कुणी केलेली नाही.

आता गंमत अशी, की ‘सेट’चं मराठी करायला बसलं की एक शब्द कधीच पुरत नाही. सूर्य मावळतो. जेली थिजते. दही लागतं. गजर लावतात. पेपर काढतात. खडा कोंदणात बसवतात. भाव ठरवतात. सापळा लावतात. गाण्याला चाल लावतात. रंगभूमीवरच्या सेटला आपण नेपथ्य म्हणतो, तेही एक वेगळंच प्रकरण. संस्कृत नाटकात ‘नेपथ्य’ म्हणजे पडद्यामागची जागा, जिथे नट नटतात आणि जिथून नुसता आवाज येतो. आपण ते उचलून पडद्यापुढे मांडलं, सोफ्यासकट!

म्हणून मराठी गरीब, असं समजायचं कारण नाही. आपल्याकडेही या वजनाचे पैलवान आहेत. ‘लावणे’ घ्या. दिवा लावतो, दारही लावतो. पहिल्यात काहीतरी सुरू होतं, दुसऱ्यात बंद होतं. फोन लावतो, माया लावतो, चुना लावतो, वाट लावतो, कामाला लावतो आणि नादालाही लावतो. पण माझं मत ‘बसणे’ला. आवाज बसतो, धक्का बसतो, नाटक बसतं, विश्वास बसतो, फटका बसतो, गणपती बसतात. बॅट्समन सेट होतो म्हणजे जुन्या मराठी कॉमेंट्रीत त्याचा ‘जम बसतो’, ‘नजर बसते’. आणि कहर बघा, ‘त्याचं धंद्यात बस्तान बसलं’ म्हणजे माणूस वर आला, आणि ‘त्याचा धंदा बसला’ म्हणजे माणूस खाली आला. एकाच क्रियापदात शोरूमचं उद्घाटन आणि शटर डाऊन. परभाषेतल्या माणसाला हे समजावून दाखवा! शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता येणारा “काय, आज बसायचं का?” हा मेसेज तर कुठल्याही कोशाच्या मदतीशिवाय अख्ख्या टीमला कळतो.

‘सेट’चे काही अर्थ तर अस्सल आपले. ऑक्सफर्डच्या आजोबांनाही जमले नसते असे. ‘सेटिंग’ घ्या. इंग्रजीत सेटिंग म्हणजे मांडणी, पार्श्वभूमी. आपल्याकडे कॉलेजच्या कट्ट्यावर ‘तिची सेटिंग आहे’ म्हणजे पुढचा विचार सोडून दे. सरकारी कचेरीत ‘सेटिंग लावतो’ म्हणजे फाइलच्या खाली वजन ठेवतो. राजकारणात ‘त्यांचं आतून सेटिंग आहे’ म्हणजे काल एकमेकांवर तुटून पडलेले दोघं रात्री एकत्र जेवले. प्रेम, लाच आणि युती या तिन्ही गोष्टी एका शब्दात मावतात, कारण तिन्हीत बाहेर काही दिसायला नको, एवढीच काय ती अट.

इथवर मजा आहे. आता ‘सेट’च्या त्या अर्थाकडे येऊ, जिथे आपल्या पिढीची झोप उडते.

‘सेट आहे’ किंवा जरा नीटनेटकं म्हणजे ‘सेटल्ड आहे’. लग्नाचे बायोडाटा बघा. गोत्र, रास, उंची यांच्याखाली अपेक्षांचा रकाना असतो आणि तिथे हमखास लिहिलेलं असतं ‘वेल सेटल्ड’. याचा नेमका अर्थ कुणी सांगत नाही. पण सगळ्यांना माहीत असतो. कायमची नोकरी, स्वतःचा फ्लॅट (लोनवर चालेल), चारचाकी, शक्यतो पुणे-मुंबई. मी फ्रीलान्सर आहे. महिन्याला तीन मासिकं, दोन वेबसाइट आणि एका बिल्डरचं ब्रोशर असं लिहिते. भाडं वेळेवर भरते, टॅक्सही भरते. तरी प्रत्येक बारशाला, प्रत्येक डोहाळजेवणाला मावशी प्रेमाने जवळ बसवून विचारतातच, “अगं, पण सेट कधी होणार तू?” जणू मी अजून फ्रिजमध्ये ठेवलेली जेली आहे आणि त्या दर अर्ध्या तासाने दार उघडून बोट लावून बघतायत.

माझं ठीक आहे हो. पण ज्यांनी नावातच ‘सेट’ असलेली परीक्षा पास केली, त्यांचं काय? महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ राज्य पात्रता परीक्षा घेतं, तिचं लघुरूप सेट. कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायला पात्र आहात, एवढं ती सांगते. नोकरी देत नाही. नोकरीच्या जागा भरल्या जात नाहीत म्हणून नेट-सेटधारकांची आंदोलनं पुण्याने कितीतरी पाहिली. माझा एक मित्र पहिल्या झटक्यात सेट झाला. तेव्हा पेढे वाटले. आज चौतिसाव्या वर्षी दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे जेवढे तास, तेवढे पैसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य. ‘सेट झालोय, पण सेट नाही’ हा विनोद तो स्वतःच करतो, म्हणजे दुसऱ्या कुणी करायच्या आत. मुलगी बघायला गेला तेव्हा पलीकडच्यांनी विचारलं, “परमनंट आहे का?” याने पीएचडीचा विषय सांगायला सुरुवात केली. चहा मात्र लवकर आला.

गावाकडे तर हा प्रश्न याहून रोखठोक आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात एक मोर्चा निघाला. लग्नाळू तरुण, अंगावर नवरदेवाचे कपडे, डोक्याला बाशिंग, काही घोड्यावर, पुढे बँड. वरात निघाली कलेक्टर ऑफिसवर. मागणी काय, तर लग्नाला मुली मिळत नाहीत, गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा नीट पाळा. व्हिडिओ देशभर फिरला, लोक हसले, मीम झाले. पण त्या कपड्यांच्या आत जे होतं ते हसण्यासारखं नव्हतं. एकीकडे जन्मालाच न आलेल्या मुली आणि दुसरीकडे शेती करणारा मुलगा म्हणजे ‘सेटल्ड’ नाही, हा आपल्या सगळ्यांनी मिळून ठरवलेला अर्थ. एकरभर जमीन, विहीर, गोठा, तरी सेट नाही. आणि हिंजवडीत दहा बाय दहाच्या खोलीत दोन पार्टनरबरोबर राहणारा सेट. यात मुलींना नावं ठेवण्यात अर्थ नाही. शेतात राबणारी आई त्यांनी जवळून बघितलेली असते.

सोलापूरचं नाव निघालंच आहे तर तिथली दुसरी गोष्ट सांगायलाच हवी. त्या शहरात एका भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. ऑफिस सोडताना एचआरवाले जी ‘फुल अँड फायनल’ करतात, ती ही सेटलमेंट नव्हे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही भटक्या जमातींवर त्यांनी जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का मारला. नंतर तो कायदा मुंबई इलाख्यातही आला. अशा कुटुंबांना ‘सेटल’ करण्यासाठी वसाहती उभ्या केल्या, त्यातली एक मोठी सोलापूरची. भोवती काटेरी तारा, हजेरी सक्तीची, बाहेर जायचं तर परवानगी. तारेच्या आत जन्मलेलं बाळसुद्धा सरकारी कागदावर गुन्हेगारच. स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं हे चालू होतं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या आणि म्हणूनच ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. फिरणाऱ्या माणसाची सत्तेला केवढी भीती वाटते बघा. फ्रीलान्सरच्या रडगाण्याशी याची तुलना करायचा उद्धटपणा मी करणार नाही. पण ‘सेटल’ हा दिसायला इतका घरगुती, उबदार शब्द एकेकाळी काटेरी तारेवर टांगलेला होता, हे बायोडाट्यात तो दिसला की आता आठवतंच.

भाषेच्या अभ्यासकांना विचाराल तर ते आणखी एक मजेशीर धागा काढून देतात. ‘सेट’, ‘सिट’, ‘सीट’, ‘सेटल’ ही सगळी भावंडं आणि संस्कृतातला ‘सद्’ म्हणजे बसणे हा धातू, यांचं खापरपणजोबांचं घर एकच. त्या ‘सद्’पासून आपल्याकडे काय काय आलं बघा. एकत्र बसतात ती संसद, भोवती बसतात ती परिषद, गुरूच्या जवळ खाली बसून शिकायचं ते उपनिषद. प्रसन्न हा शब्दही तिथलाच. संस्कृतात गढूळ पाण्यातला गाळ खाली बसून ते नितळ झालं की त्याला प्रसन्न म्हणत. आणि खचून बसलेला तो विषण्ण, तोही त्याच घरातला. म्हणजे एकाच धातूला वेगवेगळे उपसर्ग लागले आणि एक माणूस प्रसन्न झाला, दुसरा विषण्ण. बसले दोघंही. पक्ष्याचं घरटं, आपल्या कवितांमधलं ‘नीड’ आणि इंग्रजीतलं ‘नेस्ट’ हेदेखील याच मुळाचे. आणि घरटं म्हणजे काय तर एका सीझनचं भाड्याचं घर. पिल्लं उडाली की रिकामं. त्यावर वीस वर्षांचा ईएमआय नसतो.

ज्यांना तरीही सेट होण्याची घाई आहे, त्यांनी एकदा एखाद्या सिव्हिल इंजिनीअर मित्राबरोबर साइटवर जावं. सिमेंटचा सेट व्हायचाही टाइम ठरलेला असतो. साध्या पोर्टलँड सिमेंटला पाणी घातल्यावर पहिली तीस मिनिटं तरी त्याने सेट व्हायला सुरुवात करता कामा नये, असा भारतीय मानकाचा नियम आहे. म्हणजे फार लवकर सेट होणारं सिमेंट रिजेक्ट! पूर्ण सेट व्हायला दहा तासांची मुदत. आणि सेट झालं म्हणजे पक्कं झालं, असंही नाही. नंतर दिवसेंदिवस पाणी मारत राहावं लागतं आणि काँक्रीटची खरी ताकद मोजतात ती २८ दिवसांनी. मी सध्या अठ्ठावीस वर्षांची आहे. पुढच्या बारशाला मावशींना हेच सांगणार आहे. त्यांना पटेल असं वाटत नाही, पण निदान विषय तरी बदलेल.

बाकी तुमच्या ऑफिसात, गावात, ग्रुपमध्ये ‘सेट’चा यात नसलेला एखादा अर्थ चालत असेल तर नक्की कळवा. ४३० मध्ये आपले दोन-चार घुसवायला काय हरकत आहे! फक्त ‘तुम्ही कधी सेट होणार’ एवढं पाठवू नका. ते घरून येतं.